माळ्यावरून

पारीसअण्णांच्या दुकानावर, गुजरीत,
मी पैंजणांचे ठसे कोरतो, हुपरीतनं आल्यापासून.
खाली मोड येते. पुडी सुटते. मूस तापते.

मंगळवारच्या पुडीत तुटके वाळे,
जोडव्याचा अर्धा वेढा, करंड्याचं झाकण
आणि नखाएवढी एक चकती,
पापडासारखी पातळ, पापडासारखीच वाकडी.
नेजकरबाई म्हणाल्या, लेकानं आयर्लंडहून आणलेलं,
सातशे वर्षांचं नाणं म्हणतोय.
घाला त्यातच,
नातवाच्या करदोड्याला तेवढीच कमी पडतीय.

भिंग लावलं.
त्रिकोणात कोंबलेला राजा, कानांवर केसांचे गुंडाळे.
डोळे बघितले आणि हसूच आलं:
पोकळ गोल खिळा, दोनदा ठोकलेला.
तसल्याच खिळ्यानं मी मोराच्या पिसातले डोळे काढतो.
केसांना चंद्रकोर, अक्षरांना पाचर.
राजा त्यानं बघितलाच नसणार.
सांगितलं असेल कुणीतरी, माणूस काढ, मुकुट घाल,
सांजच्याला पाहिजे.

मागं फुली, फुलीच्या चारी घरांत तीन-तीन ठिपके.
सुट्टे नसले की फुलीवरनं कातरायचे म्हणे.
काठ कुणीतरी खाल्लेला.
काठाची चोरी मला लगेच कळते,
कशी, ते विचारू नका.

आणि फुलीचा एक हात दोनदा उठलाय.
पहिल्या घावानंतर ठसा सरकला, केसभर.
थंडीनं असेल. की मागनं कुणी हाक मारली?
असला माल आमचे आप्पा मेंगाणे अंगावर फेकायचे,
‘हात हलला काय रं?’
तिकडंही असणार की एखादा आप्पा.
तरी ही सुटली त्याच्या नजरेतनं,
बाजारात गेली, मीठ घेतलं असेल हिच्यावर, अंडी.

काट्यावर टाकली. एक ग्रॅम वीस.
मग माझी डबी काढली, तळाची,
एकतीस वर्षांचा कानशीखालचा चुरा, जो कुणी मोजलेला नाही.
त्यातला एक ग्रॅम वीस मुशीत ओतला.
बाहुबलीनं टाकणखार टाकला, वर बघितलं नाही.

आज बाई परत आल्यात.
लेकाचा फोन आलावता, म्हणतात, जपून ठेव म्हणाला.
खालनं अण्णांचा आवाज येतोय, आटलं की ओ, परवाच.
बाई काही बोलत नाहीत. जातही नाहीत.
खिळ्यांचा डबा माझ्या मांडीवर,
आणि जिना नऊ पायऱ्यांचा.