आंबुशी

लग्नसराई संपली की मगदूम लॉन्सवर उरतात
चिखलात रुतलेल्या अक्षता, फुटके फुगे,
उंच टाचांनी पाडलेली भोकं
आणि त्या भोकांतून वर येणारी आंबुशी.

श्रावणात मी फुलेवाडी नाक्यावरून बुरशी घेऊन आलो.
मोपेडवर, पायांमध्ये, गोणपाटात गुंडाळलेल्या
सलाइनच्या अठरा बाटल्या.
आत उकडलेली कणी, कणीवर पिंजलेल्या कापसासारखी ती.
आई म्हणाली होती,
भात नासवायला शिकलास,
त्याला सहा वर्षं विद्यापीठ लागलं?

मगदूम अण्णांना खरं तर फवारा हवा होता,
एका रात्रीत सगळं काळंठिक्कर करणारा.
पण गेल्या साली फवारलं
आणि वरातीच्या घोड्यानं तिथंच तोंड घातलं,
नवरदेवासकट खाली बसला.
म्हणून मी. म्हणून बुरशी.
"घाल तुझा भात," अण्णा म्हणाले,
"पर माझ्या हिरवळीला धक्का लागला
तर तूच झोपायचं हितं, हिरवा रंग लावून."

सांजवेळी मुठीमुठीनं कणी फेकली.
आधी कावळे आले, मग मुंग्या.
दोन दिवस नासक्या भाताची राखण केली
आणि रंकाळ्याकडून येणाऱ्या
दमट वाऱ्याला हात जोडले.

बायाक्का कुंपणाशी बसून बघत होती.
तीस वर्षं ह्याच जागेवर तिची भांगलण.
आधी इथं ऊस होता, मग भुईमूग,
मग प्लॉटाचे दगड, मग लॉन.
पीक बदललं, खुरपं तेच.
"ह्यो तुझा भात भांगलनार व्हय?"
होय, आक्का.
"हजेरी किती घेतो?"
मी हसलो.
ती हसली नाही.

नवव्या दिवशी एका पानाची कड फिकी पडली.
बाराव्या दिवशी एकदांडी, मग दुधी,
मग भिंतीलगतचा आंबुशीचा अख्खा पट्टा
पांढरा, ताकात बुडवून काढल्यासारखा.
लगेच मरत नाहीत. आधी रंग विसरतात.
ऊन अंगावर पडतं, पोटात जात नाही.
आणि गवत मात्र तसंच.
बुरशी त्याच्या पात्यांमधून गेली
शेजाऱ्याकडे जाताना
आपल्या अंगणातून वाट काढणाऱ्या माणसासारखी,
न बोलता.

मी वहीत लिहीत होतो: पाने पांढरी, साठ टक्के.
बायाक्का उकिडवी बसली.
त्या पानांवर तिनं हात ठेवला,
आणि क्षणभर मला
हात कुठं संपतो ते कळेना.
मनगटापासून नखांपर्यंत कोड.
इतके दिवस मातीनं झाकलेलं,
किंवा मीच बघितलं नव्हतं.
ह्याच लॉनवर दर लग्नात ती मागं, भांड्यांपाशी.
पंगतीत वाढायला कुणी बोलावलं नाही तिला.

"ह्यानं मरतंय व्हय?"
तण मरतं आक्का, मी घाईघाईनं म्हणालो,
माणसाचं वेगळं असतं,
माणसाचा नुसता रंग जातो, बाकी काही होत नाही.
"ठावं हाय," ती म्हणाली.
"सोयरीक मोडाय आलेल्यास्नी
मी बी ह्येच सांगितलेलं."

रंकाळ्याच्या बाजूनं बगळे गेले.
मला वहीत बघण्यासारखं काही सापडेना.

मग तिनं एक पांढरं पान खुडलं,
पदराला पुसलं, तोंडात टाकलं.
मी ओरडणार होतो, नमुना आहे तो.
तिनं डोळे बारीक केले, सावकाश चावलं.
"आंबट हाय की अजून," म्हणाली,
आणि खुरपं उचलून लव्हाळ्याकडे वळली,
ज्याला माझी बुरशी हातसुद्धा लावत नाही.

त्या दिवसाची हजेरी तिच्या नावावर मांडली.
तारीख, पाऊस, दमटपणा.
शेवटच्या रकान्यात, शेरा:
रंग गेला. चव कायम.