पान दोनशे अकरा

या महिन्यात तीन पुस्तकं संपली.
म्हणजे दोन संपली,
एक मिटलं.

पहिलं मिठाचं. कोणत्या राजानं किती जकात लावली,
कुठल्या वाळवंटातून उंटांनी लाद्या वाहिल्या.
वाचून झाल्यावर चार दिवस
वरणात मीठ टाकताना माझा हात थबकायचा.
पाचव्या दिवशी वरण खारट झालं.

दुसरं झोपेवर. ते मी जागून संपवलं,
रात्रीचे दोन. लेखकाचं म्हणणं, आठ तास हवेतच.
शेजारी आमचे हे
एक ओळ न वाचता सगळं पाळत होते.

तिसरं जमिनीच्या पोटाचं.
उमरग्याच्या वाचनालयात मुनीर सरांनी
रजिस्टर पुढे ओढलं.
"हे कुणी नेत न्हाई बगा, बाई."
चित्रं बरी आहेत म्हणाले, आणि नोंद केली.

खंड सरकतात म्हणे, नखं वाढतात त्या वेगानं.
हे मला आवडलं.
मेथी निवडताना बोटांकडे बघत बसले.
मग आमचा भाग आला. पान दोनशे अकरा,
दीड ओळ.
स्थिर मानलेला प्रदेश, जाड दगडी भिंती,
वर मातीचं माळवद, त्यामुळे जीवितहानी अधिक.

भिंत दोन हात रुंद होती.
अण्णा पाहुण्यांना तिच्यावर थाप मारून दाखवायचे,
चैत्रात पाठ टेकून बसा म्हणायचे, बघा कशी गार.
विसर्जनाहून येऊन आम्ही पोरं
गुलाल न धुताच अंगणात आडवी झालो.
अण्णा आत.

लेखक चुकला असता तर बरं झालं असतं.
प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाकलं असतं,
चांगलं चार पानी.
पण भिंतीचं त्याचं गणित बरोबर आहे.

त्या पानाचा कोपरा आधीच दुमडलेला होता.
फक्त त्याच पानाचा.
पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली,
छापखान्यातून आली तशी.
मी कोपरा सरळ केला. पुन्हा दुमडला.

काल परत द्यायला गेले.
मुनीर सरांनी पुस्तक उघडलं नाही,
अंगठा मात्र कडेवरून फिरला
आणि बरोबर तिथं थांबला.
"पुढं वाचलं का?"
"नाही."
"मीबी न्हाई."

मग शिक्का मारला.
तारीख आदल्या दिवशीची,
बदलायची राहून गेली होती.