ओ

लीड्सला मार्चमध्येही गारा पडतात.
खिडकीखालच्या हीटरवर मी नारळ ठेवलाय,
हॅरहिल्सच्या दुकानातला, खवून गोठवलेला,
पार दगड. तो सुटेपर्यंत
पोहे भिजतायत, गूळ चिरून झालाय
आणि बाहेरच्या खोलीत
माझ्या नावावरून अजून कुजबुज चाललीय.

एस्टेलबाई, माझ्या विहीणबाई, तोंडावर बोलतात,
ते मला आवडतं.
त्यांच्यात जित्या माणसाचं नाव बाळाला देत नाहीत.
मरणदूत यादी घेऊन येतो म्हणे,
म्हातारीला न्यायला,
आणि चुकून पाळण्यातलीला उचलतो.

आमच्या रेवदंड्याला आजी जिती असताना तिचंच नाव ठेवायचे
आणि आजी खोकला दाबून
पहिल्या रांगेत बसायची.

ओरा म्हणाली, आई, तुला चालेल ना?
जावई काही बोलला नाही.
पाळण्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत राहिला.
चार पायांचा पाळणा, झुलत नाही.
छताला कडी नाही, ठोकली तर घरमालक भांडेल.

रब्बीबाई आल्या, तरुण, ओल्या बुटांनी.
बाळाला हातावर घेऊन हिब्रूतून आशीर्वाद म्हटला,
मग नाव घेतलं.
मी आत, मलिद्यात मनगटापर्यंत.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची सवय.
ओ दिली.

सगळे चिडीचूप.
दारातून दिसलं, एस्टेलबाईंचा हात गळ्याशी गेलेला.

पदराला हात पुसत मी बाहेर आले. म्हटलं,
विहीणबाई, ऐकलंत ना नीट?
ही त्सिपोरा. दातावर आपटून, चमच्यातल्या चसारखी.
मी सिपोरा. थळकरांची सिपू.
त्याच्या यादीत दोघी वेगळ्या.

हिब्रूत अक्षर एकच,
हे त्यांना ठाऊक, मलाही.
त्यांनी मान हलवली,
बांगडी काढून खिशात टाकली
आणि माझ्याबरोबर आत आल्या,
खोबऱ्याची ढेप फोडायला.

एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा वाटला.
एस्टेलबाईंनी दोनदा घेतला. वेलची जास्त झाली म्हणाल्या.
झालीच होती.

आता सगळे गेलेत. बाळ झोपलंय,
मूठ कानाशी धरून.
मी तिच्याच खोलीत गादी घातलीय, दाराच्या बाजूला.
रात्री कुणी येऊन नाव घेतलंच
तर ओ मी देणार.
तिला अजून बोलता कुठं येतं.