उजवीकडचा ब्रेक

चार बोल्ट सुटले, पाचवा हट्टाला पेटला.
बाबा उपड्या बादलीवर बसून म्हणाले,
"तेल सोड आणि जरा गप्प बस.
गंजाशी भांडू नये, त्याला ऐकू येत नाही."

वोरू गावातली आमची शेड, मार्चचा शेवट,
छपरावरचा बर्फ ठिबकत होता दाराबाहेर
आणि आत मोस्क्विच, सीटा काढलेली,
कवळी काढून ठेवलेल्या बाईसारखी ओशाळलेली.

जुनं कार्पेट मी ओढलं नाही.
एका कोपऱ्यातून उचलत गेले सावकाश,
जखमेवरची पट्टी काढावी तसं.
खाली डांबर, गंज, पाइनच्या वाळल्या सुया,
पार्नूच्या किनाऱ्याची वाळू.
त्या उन्हाळ्यात मी सात वर्षांची होते
आणि परतीच्या वाटेवर दोनदा ओकले होते.
तीन कोपेकचं एक नाणंही निघालं.
रूबल गेले, क्रोन आले, क्रोनही गेले,
ते मात्र बाबांच्या सीटखाली
आपली किंमत धरून बसलं होतं.

फाटकं का असेना, माप जुनंच देतं.
नवं म्हणजे बंद पडलेल्या बालवाडीतलं राखाडी कार्पेट,
शेजारच्या काल्यूने गोठ्यात गुंडाळून ठेवलेलं.
ते पालथं पसरलं, वर जुनं पालथं ठेवलं,
खडूने कडा गिरवल्या.
"लव कुठं झुकतेय ते बघ आधी."
बाबांना आता फारसं दिसत नाही.
तळहात फिरवून त्यांनीच सांगितलं, "इंजिनाकडून मागे.
आणि दोन बोटं जादा सोड.
जास्तीचं कापता येतं, कापलेलं वाढत नाही."

गिअरचा उंचवटा सगळ्यात त्रासाचा.
सपाट कापडाला कुबड शिकवायचं.
ओलं फडकं, आईची जुनी इस्त्री, वाफ,
वर रात्रभर बटाट्यांचं पोतं.
सकाळी बघते तर बसलं होतं,
रडून दमलेलं पोर कुशीत निजावं तसं.
हँडब्रेकपाशी एक चुणी राहिली.
ती अजून आहे.

कडांना पट्टी शिवताना तीन सुया मोडल्या.
चौथी आणायला उठले, आणि तेव्हा दिसलं.

ड्रायव्हरच्या टाचेखाली भोक होतं, ते ठाऊकच होतं,
तिथं रबराचा तुकडा लावायचाच होता.
पण उजवीकडेही,
जिथं पेडल नाही, कधीच नव्हतं,
तिथं दोन खळगे.
एक टाचेचा, एक चवड्याचा,
लव झडून तागाचे धागे उघडे पडलेले.

मी बाबांचं बोट धरून तिथं टेकवलं.
ते चाचपत राहिले.
"इथं कोण," म्हणाले, आणि पुढचं म्हणालेच नाहीत.
त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

एकतीस वर्षं,
टार्टूच्या रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाला,
ओंडक्यांच्या प्रत्येक ट्रकमागे,
आई गाडी थांबवत आली होती,
तोंडातून अवाक्षर न काढता.

"आणि मला वाटायचं," बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले,
"माझ्या हातात सफाई आहे."

रबराचे तुकडे मी दोन कापले.

शनिवारी सीटा चढवल्या, पाचवा बोल्ट नवा.
गोंदाच्या वासाला नाक मुरडत आई आली,
नव्या कार्पेटवर बूट ठेवावा की नाही
या विचारात एक पाय बाहेरच ठेवून उभी राहिली,
मग बसली.
पायाखालचं रबर पाहून म्हणाली,
"इकडे हे कशाला?"

आम्ही दोघंही खाली बघत होतो.
बाबा मागच्या सीटवर, जन्मात पहिल्यांदा.
मी स्टिअरिंगशी.

गाडी अजून शेडमध्येच होती.
मी नुसती किल्ली फिरवली,
आणि तिचा पाय खाली गेला.