फाटकी दहाची

पुंजानाना गायधनी प्रेसमधून रिटायर झाले
तेव्हा कुणीतरी हिशोब लावला होता,
नानांच्या बोटांखालून गेलेल्या नोटा
एकावर एक रचल्या
तर पांडवलेण्याच्या डोंगराएवढ्या होतील.
नाना म्हणाले, आणि माझ्या घरी आल्या तेवढ्याच रचल्या
तर पाटाएवढ्या. बसायला तेवढं पुरतं.

छत्तीस वर्षं
रिकाम्या खिशानं आत, रिकाम्या खिशानं बाहेर.
गेटवरचा शिपाई रोज अंग चाचपायचा.
"इतक्या नेमानं तर बायकोनंही
कधी जवळ घेतलं नाही रे भो,"
हे ते इंदूकाकूंसमोरच सांगतात
आणि काकू लसूण सोलता सोलता म्हणतात,
खिशात काही असतं तर घेतलं असतं.

त्या दिवशी जेल रोडच्या बाजारात
मी त्यांच्या मागेच उभा होतो.
मथुराबाईंची कोथिंबीर, दहाला जुडी.
नानांनी नोट काढली,
मधोमध फाटलेली, चिकटपट्टीनं सांधलेली,
कोपऱ्यात कुणीतरी निळ्या पेनानं
सत्तावीस अधिक नऊ लिहून
बेरीज तशीच सोडलेली.
मथुराबाईंनी ती उन्हात धरली. परत दिली.
"नाही चालायची."
नाना ताठ झाले. "अहो, ही माझ्या हातची असेल.
लेकीसारखी आहे मला."
"मग ठेवा की घरी.
माझ्या गल्ल्यात कशाला नांदायला धाडता?"

हसला सगळा बाजार.
सगळ्यात जास्त नाना हसले,
कवळी सावरत, भोपळ्यांच्या ढिगाला धरून.
मथुराबाईंनी जुडी पिशवीत टाकली,
उद्या द्या म्हणाल्या, धडकी द्या.

परतताना मी माझं रडगाणं काढलं.
फ्लॅटचे हप्ते, साहेब, भावाशी अबोला,
रात्री दोनला उघडणारे डोळे.
नाना, तुम्हाला कशी हो झोप लागते?
नाना थांबले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं येणार.
म्हणाले, "मोजणीला बसलं
आणि शिंक आली,
तर आधी गठ्ठा खाली ठेवायचा. मग शिंकायचं.
मग पुन्हा एकपासून."
एवढंच?
"एवढंच. तू गठ्ठा हातात धरूनच शिंकतोस."

थोडं पुढे गेल्यावर त्यांना आणखी एक आठवलं,
मिसळ खाताना साहेबाचं नाव काढू नये,
रस्सा नाकात जातो.

आठवड्यानं मी लिंबं घेतली.
मथुराबाईंनी सुट्टे दिले, त्यात
चिकटपट्टी. निळं पेन. सत्तावीस अधिक नऊ.
मी त्यांच्याकडे पाहिलं,
त्यांनी लिंबांकडे.
"कुणी मेल्यानं गर्दीत खपवली," त्या म्हणाल्या,
"आता तुम्ही घ्या, तुम्ही शिकलेले आहात."

नोट घेऊन नानांकडे गेलो.
नानांनी चष्मा लावला, पट्टीवरून अंगठा फिरवला,
छत्तीस, म्हणाले. माझी नोकरी.
मी म्हटलं, लिहून टाका मग उत्तर.
तर माझ्यावरच ओरडले, नोटेवर लिहितात का?
मग ही बाजारात गेली कशी, विचारलं,
तर त्यांना खरंच माहीत नव्हतं.
आत इंदूकाकू लसूण सोलत होत्या.
नवा, जाड पाकळ्यांचा लसूण,
आणि जरा जास्तच मन लावून.

"लेक माहेरी आली," नाना म्हणाले, "चल."
कोपऱ्यावरच्या टपरीत
पोरानं न बघताच ती डब्यात टाकली
आणि आम्हाला एक चहा दिला, दोन बश्या.
नानांनी फुंकर मारली.
मी माझी बशी खाली ठेवली.
शिंक आली होती.