पाण्यातली म्हैस

गाडी नोंदवली तेव्हा लिंबाला फुलं होती.
आता लिंबं उतरवून, मीठ लावून
बरणीत मुरत घातलीत,
आणि पोर्ट ऑगस्टाहून ब्रेडन फोनवर सांगतो,
"बाई, जहाज निघालंय."

मार्चमध्येही ते निघालंच होतं.

मर्विननं वाट पाहिली नाही.
माहितीपत्रकातली मापं घेऊन
व्हरांड्यातच प्लायवुडचा पलंग ठोकला,
जो गाडीच्या पाठीत बसणार आहे.
खाली दोन कप्पे, एकात चूल, एकात पाणी.
म्हैस पाण्यात आणि हा दावं वळतोय.
मी हसले, तर तो आत शिरून आडवा झाला.
पाय घोट्यापासून बाहेर.
"गुडघे मोडून झोपेन," म्हणाला.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
गुडघे मोडायला मापं कशाला लागतात?

जुनी गाडी शेडमध्ये उभी असते.
तिची काच पक्कडीनं वर चढवावी लागते.
ती आम्ही शेजारच्या जॅराडला कबूल केलीय,
म्हणून तो दर शनिवारी अंडी घेऊन येतो,
"आली का?" विचारतो
आणि बघतो मात्र जुनीकडेच.

मग पत्र आलं.
जहाजात म्हणे किडा सापडला, ढेकणाएवढा,
चिमटला की घाण वास सोडणारा.
सगळ्या गाड्यांना धुरी द्यायची,
चाकाच्या खाचांतून परदेशी बी खरवडून काढायचं.
चिखलात लोळवायला घेतलेली गाडी
चिमूटभर मातीपायी अडकून पडली.
मर्विन दोन दिवस बोलला नाही.

त्याला जायचंय ते ठिकाण नकाशावरून गळलंय.
खाऱ्या तळ्याच्या अलीकडे,
बंद पडलेल्या रेल्वेचं एक स्टेशन.
बाप तिथे रुळांचे खिळे ठोकायचा
आणि हा टाकीखाली
गळणारे थेंब मोजत बसायचा.
टाकी आहे का, एवढंच बघायचंय.
"आणि नसली तर?"
"मग नाही, हे बघून येऊ."

ऑक्टोबरात डोळे तपासले.
परवाना दिला, पण उजेड असेतोवर,
आणि घरापासून चाळीस किलोमीटर.
घरी येऊन त्यानं
शाळेतला जुना कंपास शोधला
आणि नकाशावर वर्तुळ काढलं.
आत आलं काय? दुकान, दवाखाना, दफनभूमी,
आणि जॅराडच्या कोंबड्या.
पेन्सिल खाली ठेवताना हात अजिबात थरथरला नाही.
तेच मला बघवलं नाही.

म्हणून मी म्हटलं, "मी चालवते."
मी, जिनं पन्नास वर्षं
फक्त फाटकं उघडली आणि लावली.

आता रोज सकाळी जुनी गाडी घेऊन
ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरते.
तो काठावर खुर्ची टाकून बसतो,
थर्मास मांडीत.
चाकांतली हवा अर्धी सोड.
ब्रेक दाबू नकोस, वाळू आपोआप थांबवते.
चाक फिरून खड्डा व्हायला लागला
तर हट्ट सोड, मागे घे.
मी हट्ट सोडत नाही.
परवा तीनदा रुतले.
जॅराडनं दोर लावून ओढली
आणि त्याच्या होऊ घातलेल्या गाडीचा
मागचा बंपर वाकला तो बघत उभा राहिला.
बिचारा काही बोलला नाही.
या शनिवारी अंडी मात्र चारच आली.

खरं सांगू? आता मला घाई नाही.
आणखी एखादा किडा सापडो,
बंदरात दोन आठवडे संप होवो.
चढ अजून जमत नाही मला.

काल ब्रेडनचा फोन आला.
"बाई, गाडी आवारात उभी आहे. उद्या या."
"सोमवारी," मी म्हटलं. काल बुधवार होता.

मर्विन ऐकत होता.
कानांना त्याच्या काही झालेलं नाही.
रागावेल वाटलं.
बरणीतली एक फोड काढून चोखत राहिला
आणि मग विचारलं,
"रंग कोणता सांगितला होता गं आपण?"

"पिवळा."

"बरं झालं," म्हणाला,
"लांबून दिसेल मला."