मानस

चोडणच्या बांधावर जिथे मानस होतं
तिथे आता जांभ्याचे दोन खांब, आणि मधून पाणी.
आमच्याकडे मात्र त्या दाराचा आवाज होता.
म्हणजे नव्हता. कुणी टिपूनच ठेवला नव्हता.
शर्वाणीने मोडक्या होडीची एक फळी
ओल्या दगडावर आपटली, चौऱ्याऐंशी वेळा,
आणि उरलेलं गणितावर सोडलं :
लाकडाचं वय, पाण्याचा रेटा,
खांबांमधली फट, दमट हवा.

बांधाचा प्रतिध्वनी मोजायला आम्ही फुगे फोडले.
प्रत्येक फुग्याला बगळे उडायचे, परत बसायचे.
दुपारनंतर उडेनासे झाले.

हे कानावरचं यंत्र कान बुजवत नाही.
बाहेरचं सगळं आत येऊ देतं,
खंड्या, वारा, चिखलातल्या कुर्ल्यांची टिकटिक,
आणि त्यात आमचं एक सोडतं,
खाऱ्यात गोडं सोडावं तसं, बेतानं.
तुम्ही मान वळवा, आवाज वळत नाही.
खुंटीवरच्या सदऱ्यासारखा
आपल्या जागी लटकून राहतो.
एवढ्यासाठी दीड वर्ष गेलं.

मग रुझार आला. बेचाळीस वर्षं हे मानस राखलेला.
यंत्र चढवलं, त्यावर आपली टोपी चढवली,
खांबाजवळ गेला.
धप्प.
त्याने माझी बाही धरून मला मागे खेचलं,
पाय होता तिथून, फळी आली असती तिथून.
शर्वाणीने वहीत मोठी खूण केली.

तेवढ्यात तो हसला. पाण्याकडे हात केला.
"आतां सुकती. सुकतेक मानस उगडटा, धांपना."

कोन बरोबर होता. अंतर बोटभरही चुकलं नव्हतं.
वेळ तेवढी आम्ही एका बटणावर ठेवली होती.

महिन्याने परत आलो,
भरती-ओहोटीचं कोष्टक पोटात घालून.
आता बटण नाही, चंद्र.
रुझार डोळे मिटून बांधावर बसला.
आम्ही विचारत गेलो : खरं कुठलं, आमचं कुठलं?
खंड्या ओरडला. "हो देवाचो."
भोंगा वाजला, लांब, थोडा घोगरा.
"हो तुमचो."
सहा चाळीसला धप्प.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
"हें म्हजें."

भोंगा आमचा नव्हता.
फेरी खरोखरच सुटली होती,
आणि पलीकडच्या काठावर आमची गाडी,
गाडीत चार्जर.

रात्री रुझारकडे पेज, खारा बांगडा.
मानसाचा विषय त्याने काढला नाही.
जावयाने घेतलेल्या जनरेटरबद्दल मात्र
झोप येईपर्यंत सांगत होता.

सकाळी यंत्रं मेलेली, खिशात नुसतं ओझं.
पहिल्या फेरीला वेळ होता
म्हणून खांबांना टेकून उभे राहिलो.
पाणी चढत होतं,
खाजणात शिरत होतं,
जिथे कधी भात होतं त्या सगळ्यावर पसरत होतं,
त्याला अडवायला काहीच नव्हतं.

सात वाजून पाच मिनिटांनी
आम्ही दोघांनी, एकमेकांकडे न बघता,
पाय मागे घेतले.